तिसऱ्या खांबावरच्या सासूबाई

पाखरमास्तरबद्दल लोक जे काय सांगत, त्यातलं निम्मं तरी खरं असावं, कारण उरलेलं निम्मं त्यानं स्वतःच पसरवलेलं होतं. म्हणे, डोळे मिटून नुसत्या पंखांच्या आवाजावरून तो पक्ष्याची जात, वय आणि सकाळी पोटात काय गेलंय ते सांगे. म्हणे, एकदा दोनशे करकोचे धावपट्टीवर उतरायला आले आणि नेमकी पक्षी पळवायची गॅसची तोफ रुसून बसली, तेव्हा हा जीपच्या टपावर चढून असा काही खोकला, की अख्खा थवा हवेतल्या हवेत वळला, आणि त्यातले शेवटचे दोघं अजून वळताहेत. करकोच्यांचं कोण जाणे, खोकला मात्र खरा होता. सव्वीस वर्षं तोफेचा धूर खाल्ल्यावर दुसरं काय होणार?

काम साधंच. विमानतळ छोटा, धावपट्टी एकच, दिवसाला सात-आठ विमानं. प्रत्येक विमानाच्या आधी जीप घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, पक्षी दिसला की हुसकावायचा आणि वहीत लिहायचं. वेळ, पक्षी, किती, पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात सव्वीस वर्षं एकच शब्द. टिटव्या, चार, हुसकावल्या. बगळे, अकरा, हुसकावले. कबुतरं, मोजली नाहीत, हुसकावली. बायको म्हणे, "अहो, तुम्ही कुणाला टेकूच देत नाही कुठे. म्हणून तर आपल्याकडे पाहुणे येत नाहीत."

एका पक्ष्याची नोंद मात्र त्या वहीत कुठेही नव्हती.

धावपट्टीच्या कडेला, वारा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची पिशवी फडफडते त्याच्या पलीकडे, दिव्यांचे खांब होते. त्यातल्या तिसऱ्यावर एक घार बसे. आज-कालची नव्हे, नऊ वर्षांपासूनची. नियम असा, की मोठा पक्षी एकाच जागी तीनदा दिसला तर तो वहीत लिहायचा आणि तिथून कायमचा हलवायचा, जाळ्यानं जमलं तर जाळ्यानं, नाहीतर बंदुकीनं. पाखरमास्तरचं गणित वेगळं होतं. ही घार तिथली मालकीण. ती दुसऱ्या घारीला त्या आभाळात फिरकू देत नसे, कावळ्यांना तर कुंपणाच्या आत पाय टाकायची चोरी. आणि विमानं तिच्या अंगवळणी पडलेली. इंजिन घरघरलं की ती खांबावरून उतरे आणि नको असलेलं माणूस दारात आल्यासारखी गवतात पाठ फिरवून बसे. विमान गेलं की परत खांबावर. तिला हाकललं असतं तर जागा रिकामी झाली असती आणि त्या जागेसाठी विमान कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या चार कोवळ्या घारी धावपट्टीवर भांडत आल्या असत्या. म्हणून तो तिला लिहीत नसे. उलट रोज जीपच्या बॉनेटवर बोटानं दोनदा टक टक करून तिला एक मासळीचं डोकं देई.

तिचं नाव ठेवलं होतं मेहुण्यानं. "भाऊजी, ही तर सासूबाई! वरून सगळ्यांवर नजर, आणि घरात दुसरी कुणी टिकू द्यायची नाही."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून तो बहिणीच्या घरातच वाढला. वारा कुठून येतो, ढग कधी फसवतात, हे त्याला जीपमध्ये शेजारी बसवून पाखरमास्तरनंच शिकवलं. पुढे तो वैमानिक झाला, नऊ माणसांचं दोन इंजिनांचं छोटं विमान एकट्यानं उडवायला लागला, आणि सगळा विमानतळ त्याला कॅप्टन म्हणायला लागला. सगळ्यांत मोठ्यानं पाखरमास्तर. घारीचं गुपित त्या एकालाच ठाऊक होतं. मासळी देताना त्यानं भाऊजींचा एक फोटोही काढला होता. घार बॉनेटवर, भाऊजींचा हात तिच्या चोचीशी. चौकटीत घालून तो घरी बाहेरच्या खोलीत खिळ्याला लावलेला होता.

दोघांची आणखी एक गंमत होती, टोपीची. एका उन्हाळ्यात मास्तरचा वॉकीटॉकी पंधरा दिवस मुका झाला, तेव्हा दोघांनी ठरवलं, की मास्तरच्या डोक्यावर टोपी असली तर जा, हातात उंच धरलेली असली तर थांब. कॅप्टननं दिवा एकदा मिचकावला की समजायचं, पाहिलं. वॉकीटॉकी दुरुस्त झाला तरी टोपी राहिली. कारण वॉकीटॉकीवर बोललेला शब्द टॉवरमध्ये लिहिला जाई आणि झालेला उशीर वैमानिकाच्या नावावर लागे. टोपी कुठे लिहिली जात नसे.

हेच ते चुकलं.

त्या सकाळी धावपट्टीच्या कडेचं गवत नुकतंच कापलेलं होतं. गवत कापलं की किडे वर येतात, आणि किडे आले की बगळे. लांबच्या टोकाला नाल्याशी तेवीस बगळे होते. पाखरमास्तरनं एकदा उठवले, ते एक चक्कर मारून पुन्हा उतरले, आणि आता हळूहळू धावपट्टीकडे सरकत होते. जवळच्या टोकाला कॅप्टनचं विमान पंखे फिरवत उभं होतं. मास्तरचा हात कमरेच्या वॉकीटॉकीवर गेला. मग त्याला आठवलं, की या महिन्यात कॅप्टनच्या नावावर आधीच तीन उशीर लागलेत आणि त्याच्या साहेबानं चौथ्याची वाट पाहू नकोस म्हणून दम दिलाय. हात तिथून निघाला आणि टोपीकडे गेला. त्यानं टोपी काढून जेवढा हात पोचेल तेवढी उंच धरली.

विमानानं दिवा मिचकावला.

पाहिलं. झालं तर मग. मास्तर निवांतपणे जीपमध्ये बसला आणि बगळ्यांकडे वळला. दहा मिनिटांचं काम होतं.

आणि त्याच्या पाठीमागे इंजिनं गरजली.

विमान त्याच्या डोक्यावरून गेलं तेव्हा बगळे उठलेले होते. आवाज झाला तो कुणीतरी ओला गालिचा भिंतीवर आपटावा तसा. डावीकडच्या इंजिनातून काळं काही उडालं, मग धूर. अशा वेळी काय करायचं ते मास्तरलाही पाठ होतं, त्यानंच तर मेहुण्याची पुस्तकं रात्री घोकून घेतली होती. नाक सरळ ठेवायचं, उरलेल्या इंजिनावर सावकाश वर चढायचं, मोठा फेरा घ्यायचा आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं. टॉवरवरूनही तेच ओरडत होते, "सरळ जा, वर चढ, धावपट्टी मोकळी आहे!" पण कॅप्टननं तिथल्या तिथे विमान वळवलं. वारा पाठीशी घेऊन, चुकीच्या बाजूनं, नको तेवढ्या वेगात तो परत आला. पट्ट्यापट्ट्यांची पिशवी तो जात होता त्याच दिशेनं ताठ झालेली होती. विमानानं अर्ध्या धावपट्टीनंतर जमीन पकडली, ते टोकापलीकडच्या चिखलात गेलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक घासत थांबलं. नऊच्या नऊ माणसं धडधाकट. एका आजोबांची कवळी तेवढी हरवली. ती पुढे आठवडाभर शोधत होते, आणि सापडली तेव्हा म्हणे तिनं एक टोळ धरून ठेवलेला होता.

बंबवाल्यांनी उत्साहाच्या भरात इंजिनावर इतका फेस मारला, की पांढऱ्या फेसात पांढरी पिसं कुठल्या कुठे वाहून गेली. चमचाभर काळा लगदा हाती लागला. तो तपासणीला गेला, आणि उत्तर यायला सहा आठवडे लागतील असं कळलं.

विमान वळवलं त्याचा मास्तरला राग नव्हता. चार सेकंदांत ठरवायचं असतं ते. जमिनीवर उभं राहून बोलायला काय जातं?

दुपारी कॅप्टन घरी आला, हनुवटीला पट्टी लावून. बहीण त्याला लहान मुलासारखं भरवत होती. ती आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊजी, टोपीचं कुठे बोलू नका हं. वॉकीटॉकी असताना टोपी का, म्हणून तुम्हालाही धरतील."

"अरे पण दिवा मिचकावलास ना तू?"

"मिचकावला हो. वाटलं, तेवढ्यात निघून जाईन." त्यानं मास्तरचा हात धरला. "तुम्ही म्हणा, पक्षी नव्हते. मी म्हणतो, काही दिसलं नाही. कुणाचंच काही बिघडत नाही. माझ्यासाठी, भाऊजी."

आणि सव्वीस वर्षं ज्यानं वहीत, ती एक घार सोडली तर, एक चिमणी कमी-जास्त केली नव्हती, त्या माणसानं लेखी जबाब दिला, की त्या सकाळी पक्षी नव्हते. तेवीस बगळ्यांचं पान त्यानं वहीतून फाडलं. फाडताना खोकला लागला तो अर्धा तास थांबेना.

चार दिवसांनी बाहेरच्या खोलीत त्याला काहीतरी खटकलं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बाहेर आलेलं होतं. फोटोच्या खिळ्यावर ते लटकत होतं, त्यावर दुधाचे हिशेब आणि हळदीची बोटं.

"फोटो कुठे गेला गं?"

"काच तडकली होती. दिलाय बसवायला." बायको भांडी विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी अपघाताची चौकशी करायला आलेल्या बाईंनी त्याला बोलावलं. बाई सडपातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीला. टेबलावर कागदांच्या शेजारी तो फोटो होता. काच अगदी शाबूत.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

"वैमानिकाचा जबाब वाचते. 'उड्डाणाच्या वेळी मला कोणताही इशारा मिळाला नाही. धडकलेला पक्षी घार होता. तिला पक्षी हुसकावणारा कर्मचारी अनेक वर्षं खाऊ घालून धावपट्टीवर पाळत होता. ही गोष्ट त्यानं वहीत लपवली. सोबत फोटो.'" बाईंनी चष्मा काढला. "आणि तुमचा जबाब म्हणतो, पक्षीच नव्हते. तुमच्या वहीतलं एक पान फाटलेलं आहे. सांगा बरं, मी कुणावर विश्वास ठेवू?"

 एरवी खोटं बोलायला पाखरमास्तरला कधी विचार करावा लागला नव्हता, पण आता खरं बोलायलाच तोंड उघडेना. फोटोच्या चौकटीवर, वरच्या कोपऱ्यात, पिठाचं एक बोट उमटलेलं होतं. ते बोट कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

घरी येऊन त्यानं विचारलंच. "तू दिलास?"

"दिला." आता तिनं मान वर केली. "अहो, त्याचं अख्खं आयुष्य पुढे आहे. त्याचा परवाना गेला तर तो काय करील? तुमचं काय, जीपच तर चालवायची. फार तर रागावतील."

जीपच तर चालवायची. मास्तरनं ते वाक्य ऐकलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. पुढे बरेच दिवस ते टोचत राहिलं.

त्याहून वाईट गोष्ट एक होती. तिसरा खांब रिकामा होता. अपघाताच्या दिवसापासून घार दिसलीच नव्हती. मास्तर तासन्‌ तास बॉनेटवर टक टक करत बसे, मासळीवर माश्या बसत, आणि त्याच्या मनात किडा वळवळे. बगळे तर आपण पाहिले, पण बगळ्यांच्या मागोमाग तीही उठली असेल तर? आपणच खाऊ घालून तिला तिथे बांधलं, आपणच मारलं तिला? मग मेहुणा खोटं बोललाच नाही. मग खोटा एकटा आपणच.

सातव्या दिवशी सकाळी तो धावपट्टीचा फेरा मारून वळला आणि जीप आपोआप थांबली. जीपला ब्रेक नीट लागत नसत हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी लागले. तिसऱ्या खांबावर सासूबाई बसल्या होत्या. फेसाच्या आणि भोंग्याच्या त्रासानं कुठेतरी रुसून गेलेल्या, आता परत आलेल्या, आणि एवढे दिवस मासळी कुठे होती असं विचारणाऱ्या चेहऱ्यानं. टक टक केलं तशी ती थेट बॉनेटवर उतरली. उजव्या पायाचं मधलं नख तुटलेलं, तीच ती.

आनंद माणसाला मूर्ख करतो. पाखरमास्तर धावत घरी गेला आणि सगळं विसरून दारातूनच ओरडला, "अगं, सासूबाई जिवंत आहेत! खांबावर बसल्यात!"

 बायको हात पुसत आत गेली.

तासाभरात कॅप्टनचा फोन. "भाऊजी, त्या घारीला उडवा. आजच. बाई उद्या पाहणीला येताहेत."

"तुला कुणी सांगितलं ती आली म्हणून?"



"बंदूक आहे ना तुमच्याकडे, नियमही आहे. एक पक्षी, भाऊजी! माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि तुम्ही एका पक्ष्यासाठी—"

"तिनं कधी दिवा मिचकावून दगा दिला नाही रे मला," मास्तर म्हणाला आणि फोन ठेवला.

तो सरळ चौकशीच्या बाईंकडे गेला आणि सगळं ओकला. बगळे, टोपी, दिवा, मासळी, फाडलेलं पान. पान त्यानं टाकलं नव्हतं. घडी करून ते टोपीच्या अस्तरात ठेवलं होतं. बाईंनी ते उलगडलं, सरळ केलं, आणि त्याला म्हणाल्या, "चला, घार दाखवा."

त्यांनी कॅप्टनलाही बोलावून घेतलं. तो गणवेशात आला, मास्तरच्या नजरेला नजर न देता उभा राहिला. बाईंच्या हातात तो फोटो होता.

"घारी काय, सगळ्या सारख्याच," कॅप्टन म्हणाला. "ही दुसरी असेल."

मास्तरनं मासळी काढली. बॉनेटवर टक टक केलं. घार उतरली, मासळी घेतली, बाईंच्या पिशवीत काही आहे का ते वाकून पाहिलं. बाईंनी फोटो तिच्या पायाशी धरला. फोटोत उजव्या पायाचं मधलं नख तुटलेलं, बॉनेटवरही तुटलेलं. तेवढ्यात लांब एक विमान सुरू झालं. घार उठली, गवतात गेली आणि तिघांकडे पाठ करून बसली.

"मेलेल्या पक्ष्याच्या मानानं शिस्तीची आहे," बाई म्हणाल्या. मग कॅप्टनकडे वळल्या. "पक्षी कुठला होता?"

कॅप्टनच्या हनुवटीवरची पट्टी हलली. "बगळे," तो म्हणाला.

"आणि टोपी?"

"हातात होती. उंच. मी पाहिली." 

त्याचा परवाना काढून घेतला. वारा पाठीशी घेऊन उतरला त्यासाठी नव्हे. बाईंनी स्पष्ट लिहिलं, की तो घाबरला होता आणि घाबरणं गुन्हा नाही. इशारा पाहूनही निघाला, आणि नंतर दुसऱ्यावर ढकललं, त्यासाठी.

मास्तरला वाटलं, संपलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं नव्हतं.

"आता तुमचं. यापुढे जे सांगायचं ते वॉकीटॉकीवर, टोपीवर नाही. तुम्हीही खोटा जबाब दिलात, पण स्वतःहून आलात, म्हणून नोकरी राहील. आणि ही घार हलवा."

"बाई, ती आहे म्हणून तर बाकीच्या येत नाहीत!"

"असेलही. हे नऊ वर्षांपूर्वी लिहून दिलं असतंत तर कदाचित कुणी नियम बदलला असता. आता ती माझ्या कागदावर आलीय. दुसऱ्या कुणाच्या हाती ती लागायची नाही, ते बंदूक काढतील. तुमच्या हाती लागेल."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी पाखरमास्तर गेला. सीटखाली जाळं होतं. त्यानं बॉनेटवर टक टक केलं, नेहमीसारखंच, ना कमी ना जास्त. ती उतरली. मासळीकडे मान वाकवली, आणि त्यानं जाळं टाकलं.

तिनं चोच मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि खोक्यात गेल्यावर पाठ फिरवून बसली.

शंभर किलोमीटरवरच्या डोंगरात त्यानं तिला सोडलं. लोक सांगतात, परतताना तो वाटेत एकदाही खोकला नाही. घरी आता तो आणि बायको मीठ-साखरेपुरतं बोलत. कॅलेंडर स्वयंपाकघरात परत गेलं होतं. फोटो बाईंनी परत पाठवला, पण तो खिळ्याला कुणीच लावला नाही. मेहुणा येईनासा झाला. बहीण त्याला भेटायला जाई, आणि कुठे गेली होतीस असं मास्तर विचारत नसे.

बारा दिवसांनी, सकाळच्या फेरीत, त्याला तिसऱ्या खांबावर ती दिसली. शंभर किलोमीटर म्हणजे तिच्या लेखी काय होतं! मधल्या काळात चार कोवळ्या घारी जागेवर हक्क सांगायला आल्या होत्या, त्यांना तिनं कधीच पिटाळून लावलेलं होतं.

पाखरमास्तर जीपमधून उतरला. मासळी खाली ठेवली. बॉनेटवर दोनदा टक टक केलं.

ती हलली नाही.

त्यानं पुन्हा केलं. बोट दुखेपर्यंत केलं. तिनं मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं, मासळीकडे पाहिलं. मग पंख पसरले, खांब सोडला, आणि कुंपणापलीकडे, नाल्यापलीकडे, दिसेनाशी होईपर्यंत सरळ गेली.

मास्तरनं जीपमधली वही काढली. वेळ लिहिली. पक्षी, घार. किती, एक. शेवटच्या रकान्यात सवयीनं 'हु' लिहिला गेला. तो त्यानं खोडला आणि पुढे लिहिलं, स्वतःहून गेली.